रुमाल आणि खतावणी

काळ मोजणें ही एक विद्या आहे आणि मोजलेल्या काळाची नोंद जपून ठेवणें ही दुसरी. पहिलीचा मान ज्योतिष्याला मिळतो. दुसरी कारकुनाच्या वांट्याला येते, म्हणून तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु अमुक गोष्ट कोणत्या दिवशीं झाली, अमुक कार्य कोणत्या दिवशीं व्हावयाचें आहे, हें हजारों माणसांना एकाच वेळीं आणि बिनचूक सांगावयाचें झालें म्हणजे कारकुनाचें हें कामच सर्वांत बिकट ठरतें. आज तें काम संगणकाकडे गेलें आहे. कचेऱ्या, शाळा, रुग्णालयें आणि घरें यांच्या दिनदर्शिका एखाद्या मध्यवर्ती यंत्रांत ठेवलेल्या असतात, आणि खिशांतला फोन घडोघडी त्या यंत्राला विचारून आपली प्रत ताजी करून घेतो. अशा यंत्राला कॅलेंडर सर्व्हर म्हणतात. त्यांतील नोंदी कशा ठेवाव्या? प्रत्येक नोंदीचा वेगळा कागद, म्हणजे फाइल, करावी, कीं सर्व नोंदी रकान्यांच्या एका मोठ्या वहींत, म्हणजे डेटाबेसमध्यें, उतराव्या? हीं यंत्रें बांधणाऱ्यांना हा प्रश्न आरंभापासून पडत आला आहे. यंत्र नवें असलें तरी दप्तर सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाहीं. आणि वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहिलें तर त्याचीं दोन्ही उत्तरें व त्या उत्तरांचे परिणाम एकाच मुलखांत पहावयास सांपडतात.

प्रथम रुमालाची रीत पहावी. जुन्या मराठी दप्तरांत कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधून ठेवीत. त्या गांठोड्याला रुमाल म्हणत. एक प्रकरण म्हणजे एक कागद किंवा कागदांची एक जुडी, अनेक जुड्यांचा एक रुमाल आणि अनेक रुमालांचें एक दप्तर, अशी ही मांडणी होती. पुण्याचें पेशवे दफ्तर हें तिचें ठळक उदाहरण. त्यांतील हजारों रुमाल पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेले, आणि त्यांतून निवडलेले कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून पुढच्या चार-पांच वर्षांत ४५ भागांत प्रसिद्ध केले. या रीतीचा गुण असा कीं, प्रत्येक कागद स्वयंपूर्ण असतो. एक कागद वाळवीनें खाल्ला तरी शेजारचा शाबूत राहतो. ज्याला लिपि येते त्याला तो उलगडून वाचतां येतो. त्यासाठीं दुसऱ्या कोणत्याही वहीची गरज पडत नाहीं. दोष असा कीं, रुमालावरच्या चिठ्ठींत जें लिहिलें असेल तेवढ्याच प्रश्नाला तो चटकन् उत्तर देतो. अमक्या प्रकरणाचा कागद काढा म्हटलें तर कारकून तो काढून देईल. पण अमक्या महिन्यांत मेहकर परगण्यांत काय काय घडलें असें विचारलें, तर त्याला रुमालामागून रुमाल सोडीत बसावें लागेल.

दुसरी रीत पेढीवरची. खामगांव ही एकोणिसाव्या शतकांत वऱ्हाडांतील कापसाची मोठी बाजारपेठ बनली, आणि १८७० मध्यें जलंबपासून तेथपर्यंत रेल्वेचा फांटा आला. अशा पेठेंत मराठी पद्धतीनें जमाखर्च ठेवणाऱ्या अडत्याजवळ दोन वह्या असावयाच्याच: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार ज्या क्रमानें झाले त्याच क्रमानें ते रोजकिर्दींत उतरतात. मग त्यांतली प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढते. अमक्या शेतकऱ्याचें देणें किती हें विचारलें तर अडत्या रोजकिर्दीचीं पानें चाळीत बसत नाहीं. खतावणींत त्याचें खातें उघडतो आणि बाकी सांगतो. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट या दोन वह्यांच्या नात्याची आहे. खतावणी हरवली तर रोजकिर्दीवरून ती पुन्हां लिहून काढतां येते. चार रात्री जागाव्या लागतील एवढेंच. पण रोजकीर्द जळाली तर खतावणींतल्या त्रोटक आंकड्यांवरून व्यवहाराचा सारा तपशील परत उभा राहत नाहीं. जमाखर्चाचा आणखी एक दंडक असा कीं, चुकलेली नोंद खरडून काढावयाची नाहीं. उलट नोंद घालून ती दुरुस्त करावयाची, म्हणजे काय बदललें हेंही वहींतच राहतें.

नुसती खतावणी हाताशीं असली आणि खालचे कागद नसले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण याच मुलखांत आहे. अकबराच्या कारकीर्दीच्या अखेरच्या दशकांत वऱ्हाड मोंगलांकडे आलें, आणि अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचें वर्णन दाखल झालें. मेहकर हें त्या सुभ्यांतील एक सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, होतें. त्या ग्रंथांत महालवार कोष्टकें आहेत: वसूल किती, स्वार किती, पायदळ किती. लोणारच्या सरोवराचीही तेथें दखल आहे. कांच व साबण करण्यास लागणारें द्रव्य तेथें मिळतें आणि त्यापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, अशी. बादशहाला जे प्रश्न पडत त्यांचीं उत्तरें त्या रकान्यांत सुबक रीतीनें मांडलेलीं आहेत. परंतु लोणारच्या कांठीं क्षार काढणारा माणूस कोण होता, मेहकरच्या एका शेताचा सारा कोणी भरला, हें त्या कोष्टकांवरून कोणालाही काढतां येत नाहीं. रकाने पाडतांना जें गळलें तें गळलेंच.

याच्या उलट गोष्ट कोतवाल बुकाची. वऱ्हाडांत खेडोपाडींच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवह्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात. तारीख, नांव, बापाचें नांव, जात अशा माहितीची ही वही गांववार आणि तारीखवार चाले. कोणत्या गांवीं कोणत्या महिन्यांत किती जन्मले आणि किती मेले, या प्रश्नाला ती सरळ उत्तर देई. परंतु पुढें प्रश्न बदलले. नातू आजोबांच्या जन्माचा दाखला मागूं लागला. जातीच्या दाखल्यासाठीं पणजोबांच्या नांवासमोर काय लिहिलें आहे हें पाहण्याची कुटुंबांना गरज पडली. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें मराठा समाजांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. आरंभीं तिचें काम मराठवाड्यापुरतें होतें, पुढें तें साऱ्या राज्यासाठीं झालें. जिल्ह्याजिल्ह्यांतून महसुलाचीं, शाळांचीं आणि जन्ममृत्यूंचीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. तारखेनें लावलेल्या वहींत आडनांव किंवा जात शोधावयाची म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ वाचणें आलें. काम कष्टाचें होतें, पण अशक्य नव्हतें, याचें कारण मूळची ओळ जशीच्या तशी उरली होती. एखाद्या टापटिपीच्या अधिकाऱ्यानें दरमहाचे आंकडे तेवढे ठेवून वह्या रद्दींत काढल्या असत्या, तर मृत्यूंची संख्या उरली असती. माणसांचीं नांवें उरलीं नसतीं. एका ओळीवर एखाद्या मुलाचा शाळेंतील किंवा नोकरींतील हक्क अवलंबून असतो, तेव्हां या फरकाचें मोल कळतें.

नोंदीला तारीख असली एवढ्यानेंही काम भागत नाहीं. ती कोणत्या गणनेची, हें नोंदींतच असावें लागतें. १७२४ मध्यें याच जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला. पुढें या मुलखावर निजाम आणि मराठे या दोघांचाही हक्क चालत असे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. अशा मुलखाच्या कागदांचा अभ्यास करणाऱ्याला हिजरी, फसली, सुहूर, शालिवाहन शक आणि इसवी अशा पांच गणनांशीं परिचय ठेवावा लागतो. दक्षिणेंतील फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळविले, सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले, शकांत ७८ किंवा ७९ मिळविले, म्हणजे इसवी सन निघतो. पण यांतला कोणता आंकडा घ्यावयाचा हें महिन्यावर ठरतें, कारण कोणाचें वर्ष चैत्रांत सुरू होतें तर कोणाचें मृगाच्या सुमारास. हिजरी वर्ष तर चांद्र असल्यामुळें ऋतूंमधून सरकत जातें. शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट स्यूएल यांचा 'दि इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ १८९६ मध्यें निघाला तो याच अडचणीवर उपाय म्हणून.

सिंदखेडराजा येथें जिजाबाईंचा जन्म झाला. ती तिथि पौष पौर्णिमा आणि तारीख १२ जानेवारी १५९८ अशी मानली जाते. ही तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची आहे. आज चालू असलेल्या ग्रेगोरियन गणनेनें मागें मोजीत गेलें तर तोच दिवस २२ जानेवारीस पडतो. जन्मोत्सव दरवर्षीं १२ जानेवारीस होतो, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं, कारण उत्सवाचा दिवस समाज ठरवितो. परंतु एखाद्या वहींत नुसती रूपांतर केलेली तारीख राहिली आणि 'पौष पौर्णिमा' हे शब्द गळून गेले, तर तें रूपांतर बरोबर कीं चूक हें तपासण्याचें साधनच पुढच्या अभ्यासकाच्या हातीं उरणार नाहीं.

हा सगळा अनुभव कागदाचा. संगणकांच्या इतिहासांत तोच थोड्या वर्षांत पुन्हां घडला. १९७० मध्यें आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं माहितीच्या मोठ्या सांठ्यांसाठीं रकान्यांच्या कोष्टकांची पद्धति मांडली. माहिती आंत कोठें व कोणत्या क्रमानें ठेवली आहे याची विचारणाऱ्याला काळजी नसावी, त्यानें केवळ प्रश्न विचारावा, हा तिचा गाभा. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच विचारांतून निघाले. दिनदर्शिकेच्या नोंदी मात्र वेगळ्या वाटेनें आल्या. १९९८ मध्यें 'आयकॅलेंडर' नांवाचा एक सामायिक नमुना ठरला आणि २००९ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. या नमुन्यांत एका कार्याची नोंद साध्या अक्षरांत असते: आरंभ केव्हां, शेवट केव्हां, विषय काय, स्थळ कोणतें, आणि त्या नोंदीची स्वतःची अशी एक खूण. २००७ मध्यें 'कॅलडॅव्ह' नांवाचा नियमसंग्रह आला. त्यानें प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पत्ता दिला आणि फोन व सर्व्हर यांनीं एकमेकांशीं कसें बोलावें हें ठरविलें. प्रत्येक नोंद वेगळी, प्रत्येकीला पत्ता वेगळा, म्हणजे ही मांडणी उघड उघड रुमालाची झाली. मग एका नोंदीची एक फाइल करून ती तशीच ठेवून द्यावी, हा विचार सहज सुचण्यासारखा होता.

एका घराला किंवा लहान कचेरीला ही रीत पुरेशी आहे. फाइल कोणत्याही यंत्रावर उघडून वाचतां येते. नक्कल करून ठेवणें सोपें. एक बिघडली तरी बाकीच्या चांगल्या राहतात. नवा कागद पूर्ण लिहून मगच तो जुन्याच्या जागीं ठेवावयाचा, एवढा नियम पाळला तर अर्धवट लिहिलेली नोंदही कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. परंतु माणसें वाढलीं कीं चित्र पालटतें. समजा, एखाद्या जिल्हा कचेरींत ५०० माणसें आहेत आणि प्रत्येकाच्या दिनदर्शिकेंत २,००० नोंदी आहेत. म्हणजे १० लाख फाइली झाल्या. जागेची अडचण नाहीं. प्रत्येक फाइलीला नेहमींच्या रीतीनें ४,०९६ बाइट दिले तरी सारें चार गिगाबाइटच्या आसपास भरतें. अडचण प्रश्नाची आहे. बारा अधिकाऱ्यांना पुढच्या मंगळवारीं कोणता तास मोकळा आहे, असें विचारलें, तर फाइली कोणत्या तारखेच्या आहेत हें बाहेरून कळत नसल्यामुळें बारा जणांच्या मिळून २४,००० फाइली उघडाव्या लागतील. तारखेप्रमाणें लावलेली सूची असेल तर दर वेळीं निम्मा भाग वगळीत गेल्यानें दहा लाखांतूनही सुमारें वीस पायऱ्यांत हवी ती जागा सांपडते. डेटाबेसचें सामर्थ्य मुख्यतः या सूचींत आहे.

दुसरी अडचण अनेक हातांची. बैठकीची वेळ बदलली कीं बोलावणाऱ्याची एक आणि आमंत्रितांच्या बारा अशा तेरा नोंदी एकदमच बदलाव्या लागतात. सात झाल्या आणि वीज गेली, तर निम्मी माणसें जुन्या वेळेस येतील. डेटाबेसमध्यें अशा तेरा बदलांची एक मोळी बांधतां येते. ती सगळी लागू होते किंवा मुळींच होत नाहीं. फाइलींच्या रचनेंत हें काम बांधणाऱ्याला स्वतः उभें करावें लागतें. तिसरी अडचण पुसलेल्या नोंदींची. फोन विचारतो, काल रात्रीपासून काय बदललें? नवी आणि बदललेली फाइल ओळखतां येईल; पण काढून टाकलेली फाइल मागें कांहींच ठेवीत नाहीं. तेव्हां काढून टाकल्याचीही नोंद ठेवावी लागते. उलट नोंदीचा जो दंडक रोजकीर्द लिहिणाऱ्याला ठाऊक होता, तोच येथें पुन्हां उपयोगी पडतो.

या वाटेवरचा सर्वांत बोधप्रद प्रवास ॲपल कंपनीच्या कॅलेंडर सर्व्हरचा आहे. २००६ मध्यें तो सर्वांसाठीं खुला झाला तेव्हां त्यांत नोंदी फाइलींत ठेवलेल्या असत, आणि शोधासाठीं शेजारीं लहान सूच्या असत. पुढें वापर वाढल्यावर तिसऱ्या आवृत्तींत, २०११ च्या सुमारास, सारा सांठा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्यें नेण्यांत आला. येथें कोणी म्हणेल कीं रुमाल हरला आणि खतावणी जिंकली. पण आंत डोकावून पाहिलें तर तसें दिसत नाहीं. नव्या रचनेंतही प्रत्येक नोंदीचा आयकॅलेंडरचा मूळ मजकूर एका रकान्यांत अक्षरशः ठेवलेला होता, आणि त्यावरून काढलेल्या तारखा व वेळा दुसऱ्या कोष्टकांत शोधासाठीं मांडल्या होत्या. आरंभापासून डेटाबेसवर उभारलेल्या 'डॅव्हिकॅल' या सर्व्हरनेंही मूळ मजकूर आणि त्यांतून काढलेले रकाने असे दोन्ही शेजारीं ठेवले. उलट बाजूला 'रॅडिकेल' नांवाचा लहान सर्व्हर फाइलींवरच चालतो; पण त्यालाही शोधासाठीं आपल्या फाइलींवरून एक टिपणवजा सांठा तयार ठेवावा लागतो, आणि तो पुसला तर फाइली वाचून तो पुन्हां तयार होतो. एक डेटाबेसकडून आला, एक फाइलींकडून. पोहोंचले ते एकाच ठिकाणीं. मूळ कागद अखंड ठेवावा आणि खतावणी त्यावरून करावी, ही पेढीवरची जुनी व्यवस्थाच दोघांना स्वीकारावी लागली.

मूळ मजकूर इतका कां जपावा, याचें उत्तर शेगांवच्या उत्सवांत मिळतें. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं, माघ वद्य सप्तमीस, शेगांवीं प्रकटले असें भक्त मानतात, आणि प्रकटदिन दरवर्षीं त्याच तिथीला होतो. २०२३ मध्यें तो १३ फेब्रुवारीस आला. २०२३ च्या पावसाळ्यांत अधिक श्रावण पडला, म्हणून पुढचा प्रकटदिन थेट ३ मार्च २०२४ रोजीं गेला. आणि २०२५ मध्यें तो पुन्हां २० फेब्रुवारीस आला. आतां ही नोंद दिनदर्शिकेंत कशी लिहावयाची? दरवर्षीं २३ फेब्रुवारी असें लिहिलें तर ती चूक. जळगांव जामोदजवळच्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते. तिचीही तीच गोष्ट. आठवडी बाजाराचा नियम सोपा आहे, दर आठवड्यास अमुक वार; पण त्यालाही शेवट नाहीं, आणि शेवट नसलेल्या गोष्टीच्या सगळ्या तारखा कोणत्याही वहींत मावणार नाहींत. म्हणून मूळ नोंदींत नियम ठेवावा लागतो, आणि खतावणींत पुढच्या कांहीं काळापुरत्या तारखा काढून ठेवाव्या लागतात. काळ पुढें सरकला कीं त्या पुन्हां काढावयाच्या. २०१५ मध्यें आयकॅलेंडरच्या नमुन्याला एक पुरवणी जोडण्यांत आली, तिनें ग्रेगोरियनखेरीज इतर गणनांचे नियम आणि अधिक महिन्याची खूण लिहिण्याची सोय केली. परंतु रकाना मिळाला म्हणजे गणित आलें असें नव्हे. तिथि चंद्रसूर्यांच्या गतीवर आणि त्या स्थळींच्या सूर्योदयावर ठरते. पंचांगाची सुधारणा झाली तर काढलेली तारीख बदलेल, माघ वद्य सप्तमी हा नियम बदलणार नाहीं.

तारखेचें जें, तेंच वेळेचें. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ या काळांत, देशाचीं घड्याळें एक तास पुढें करण्यांत आलीं होतीं. घड्याळाचा नियम सरकारें बदलतात, आणि तो बदलला कीं आधीं करून ठेवलेलीं रूपांतरें खोटीं पडतात. अमेरिकेनें २००७ पासून उन्हाळी वेळेचा आरंभ एप्रिलच्या पहिल्या रविवारावरून मार्चच्या दुसऱ्या रविवारावर आणला. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबानें मार्चअखेर रात्रीं आठला सत्यनारायणाच्या पूजेची वेळ ठरविली असेल, आणि त्यांच्या यंत्रानें ती नोंद आधींच्या नियमानें जागतिक वेळेंत बदलून तेवढीच ठेवली असेल, तर ती पूजा त्या वर्षीं रात्रीं नऊची दिसली असती. 'न्यूयॉर्कचे रात्रीं आठ' हे शब्द जपले असते तर रूपांतर पुन्हां करतां आलें असतें.

तेव्हां फाइल कीं डेटाबेस, या प्रश्नाचें उत्तर तीन पोटप्रश्नांवर अवलंबून आहे. विचारणारे किती, लिहिणारे हात किती, आणि प्रश्न कोणता? एका कुटुंबाच्या किंवा वीसपंचवीस माणसांच्या कचेरीच्या दिनदर्शिकेला फाइली पुरतात. तेथें डेटाबेस उभा करणें म्हणजे घरच्या किराण्याच्या यादीसाठीं मुनीम ठेवण्यासारखें आहे. शेंकडों माणसें एकमेकांच्या वेळा विचारूं लागलीं, एका बदलांत अनेकांच्या नोंदी गुंतूं लागल्या, कीं डेटाबेसवांचून गत्यंतर नाहीं. परंतु दोन्ही बाबतींत एक कसोटी समान आहे. सूची पूर्ण पुसून टाकावी, आणि मूळ नोंदींवरून ती पुन्हां तयार होते कीं नाहीं हें पहावें. ती तयार होत असेल तर रचना निर्धास्त. होत नसेल तर यंत्र कितीही वेगवान असलें तरी त्यांत 'ऐन-इ-अकबरी'चीं कोष्टकें तेवढीं आहेत, आणि लोणारच्या कांठच्या माणसाचें नांव नाहीं.

वऱ्हाडांतल्या एखाद्या खेड्यांत शंभर वर्षांपूर्वीं ज्यानें एका मृत्यूची ओळ लिहिली, त्याला पुढें त्या ओळीस काय विचारलें जाईल याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें. त्यानें तारीख लिहिली, नांव लिहिलें, बापाचें नांव लिहिलें आणि वही मिटली. त्याच्या पणतवंडांच्या काळीं एक कुटुंब त्या ओळीपर्यंत पोहोंचलें, तें त्यानें ओळ पूर्ण लिहिली होती आणि मागाहून कोणी ती संक्षेपांत बसविली नाहीं म्हणून. आजच्या यंत्रांत नोंद करणारालाही पुढचे प्रश्न दिसत नाहींत. त्यानें सूच्या हव्या तितक्या कराव्या आणि हव्या तेव्हां मोडाव्या; ओळ मात्र जशी आली तशी राहूं द्यावी.